स्थानिक क्रीडा क्लबच्या सामन्यांचे छायाचित्रण : परवानगीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जवळच्या एखाद्या फुटबॉल, हॉकी, बॅडमिंटन किंवा ॲथलेटिक्स क्लबचे सामने टिपावेत असे वाटणारे हौशी छायाचित्रकार लेन्सविषयी भरपूर चौकशी करतात. क्लबशी बोलणे कसे काढायचे, हे विचारायचे मात्र राहून जाते. पुढील प्रश्नोत्तरे त्या राहून गेलेल्या भागासाठी आहेत. क्लबच्या पदाधिकाऱ्यांना सहसा दोनच गोष्टींची काळजी असते : हा अनोळखी माणूस नेमका कुठे उभा राहणार आणि त्याने काढलेली छायाचित्रे पुढे कुठे जाणार. अर्जात या दोन्हींचे उत्तर असेल, तर नकार मिळण्याचे कारण फारसे उरत नाही.

मैदान सार्वजनिक आहे, प्रवेशही सर्वांना खुला आहे. मग परवानगी कशासाठी?

सार्वजनिक जागेतून दिसणाऱ्या दृश्याचे छायाचित्र काढण्यास अनेक देशांत कायद्याची हरकत नसते, हे खरे आहे. परंतु क्लबने सामन्यापुरते मैदान आरक्षित केलेले असेल, तर दोरीच्या आत कोणी यावे हे क्लब ठरवतो, आणि उपयोगी छायाचित्रे बहुधा दोरीच्या आतूनच मिळतात. तिकीट असलेल्या सामन्यात प्रवेशाच्या अटी मान्य करूनच आपण आत जातो, आणि त्या अटींमध्ये मोठ्या लेन्सना किंवा व्यावसायिक वापराला मनाई असू शकते. कायद्यापलीकडचेही एक कारण आहे. लांब लेन्स घेऊन कुंपणाबाहेर तासभर उभ्या असलेल्या अनोळखी व्यक्तीकडे लोक संशयाने पाहतात आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. तीच व्यक्ती सचिवांना आधी भेटून आलेली असेल, तर खेळाडू पहिल्या दहा मिनिटांत तिला विसरतात. खेळाडू छायाचित्रकाराला विसरले की छायाचित्रे चांगली येऊ लागतात.

परवानगी नेमकी कोणाकडे मागायची?

पहिला अर्ज क्लबच्या सचिवांकडे करावा. प्रशिक्षक ओळखीचे असतात, मैदानावर सहज भेटतात आणि ‘या की, काढा फोटो’ असे मोकळेपणाने म्हणूनही जातात; पण क्लबच्या वतीने शब्द देण्याचा अधिकार त्यांना असतोच असे नाही. पुढे एखाद्या पालकाने किंवा प्रतिस्पर्धी संघाने हरकत घेतली, तर प्रशिक्षकाच्या तोंडी होकाराचा आधार घेता येत नाही आणि तो भला माणूस विनाकारण अडचणीत येतो. सचिवांचा होकार मिळाल्यावर मात्र प्रशिक्षक आणि संघ व्यवस्थापक या दोघांना स्वतः भेटून कळवावे, कारण सामन्याच्या दिवशी सचिव मैदानावर असतीलच याची खात्री नसते.

क्लबचा होकार पुरेसा नसण्याचे तीन प्रसंग सर्रास येतात. मैदान शाळेचे, महाविद्यालयाचे किंवा नगरपालिकेचे असेल, तर जागेच्या मालकाचे स्वतःचे नियम असतात. सामना लीगचा किंवा एखाद्या स्पर्धेचा असेल, तर छायाचित्रणाचे हक्क आयोजकांनी आधीच कोणाला तरी दिलेले असू शकतात. अशा वेळी यजमान क्लबला इच्छा असूनही परवानगी देता येत नाही. तिसरा प्रसंग पाहुण्या संघाचा. निम्मे खेळाडू त्या संघाचे असतात आणि त्यांना कोणी काहीच विचारलेले नसते. यजमान सचिवांनी समोरच्या क्लबला आधी एका ओळीचा निरोप पाठवावा, अशी विनंती आपल्या अर्जातच करून ठेवावी. ती सहसा मान्य होते आणि सामन्याच्या सकाळची बरीच अवघड बोलणी त्यामुळे टळतात.

सुरुवात कोणत्या क्लबपासून करावी?

ज्या क्लबकडे स्वतःचा छायाचित्रकार नाही आणि ज्याच्या सामन्यांना वर्तमानपत्रांचे प्रतिनिधी येत नाहीत, त्याच्यापासून करावी. त्यातही प्रौढांचा दुसरा किंवा तिसरा संघ आणि सराव सामना हे सर्वांत सोपे. वरच्या श्रेणीतील क्लब अधिस्वीकृतीपत्र मागतात आणि ते बहुधा एखाद्या प्रकाशनाच्या नावेच मिळते. लहान मुलांच्या संघांपासून मात्र सुरुवात करू नये. त्याची कारणे पुढे स्वतंत्र प्रश्नात दिली आहेत.

ई-मेल करावा, फोन करावा की प्रत्यक्ष भेटावे?

तिन्ही, पण क्रमाने. प्रथम कॅमेरा न घेता एखादा सामना पाहून यावा. मैदानाची दिशा, सूर्य कोणत्या बाजूला उतरतो, राखीव खेळाडू कुठे बसतात, पाठीमागे गाड्या उभ्या असतात की झाडे आहेत, हे सगळे त्या एका फेरीत कळते आणि अर्ज लिहिताना उपयोगी पडते. त्यानंतर ई-मेल पाठवावा, म्हणजे क्लबच्या बैठकीत पुढे ठेवण्यासारखा कागद तयार होतो. फोन किंवा भेट ही त्या ई-मेलची आठवण देण्यापुरती ठेवावी.

वेळेचेही भान हवे. स्थानिक क्लबचे सचिव बहुतांशी विनामोबदला काम करणारे असतात आणि सामन्याच्या दिवशी जाळी बांधण्यापासून पंचांच्या मानधनापर्यंत सगळे त्यांच्याच गळ्यात असते. त्या सकाळी समोर जाऊन परवानगी मागणाऱ्याला ‘नंतर पाहू’ हे उत्तर मिळणार. दोन ते तीन आठवडे आधी विचारले, तर कार्यकारिणीची एखादी बैठक मध्ये येऊन जाते. हंगाम सुरू होण्याआधीचे दिवस त्याहून चांगले, कारण खेळाडूंच्या नोंदणीचे अर्ज त्याच काळात भरून घेतले जातात आणि छायाचित्रांविषयीची संमती त्याच अर्जात घेता येते.

अर्जात काय लिहावे?

मागणी लहान आणि नेमकी असावी. ‘आपल्या क्लबचे सामने टिपण्याची इच्छा आहे’ या वाक्याला होकार देणे कोणालाही अवघड जाते, कारण आपण नेमके कशाला हो म्हणत आहोत हेच त्यातून कळत नाही. पुढील नमुना आपल्या परिस्थितीनुसार बदलून घ्यावा.

‘मा. सचिव, सप्रेम नमस्कार. मी हौशी छायाचित्रकार असून क्रीडा छायाचित्रणाचा सराव करत आहे. आपल्या पुरुष द्वितीय संघाचा पुढील महिन्यातील घरच्या मैदानावरील पहिला सामना टिपण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. मी एकटाच येईन, गोलरेषेच्या मागे आपण सांगाल त्या जागी बसेन, फ्लॅश वापरणार नाही आणि खेळाडूंच्या खोलीकडे फिरकणार नाही. सामन्यानंतर दोन दिवसांत निवडक वीस छायाचित्रे क्लबला विनामूल्य पाठवीन. ती क्लबने आपल्या माहितीपत्रकात व समाजमाध्यमांवर माझ्या नावासह वापरावीत. मी स्वतः त्यांपैकी काही छायाचित्रे माझ्या कामाचा नमुना म्हणून दाखवू इच्छितो. कोणत्याही छायाचित्राची विक्री मी आपल्याला विचारल्याशिवाय करणार नाही. पाहुण्या संघाला याची पूर्वकल्पना देता आली, तर मी आभारी राहीन. माझ्या कामाचे काही नमुने सोबत जोडले आहेत.’

खाली पूर्ण नाव, दूरध्वनी क्रमांक आणि ओळखपत्राची प्रत दाखवण्याची तयारी असल्याचा उल्लेख असावा. जोडलेले नमुने खेळाचेच असले पाहिजेत असे नाही. दहा छायाचित्रांपेक्षा अधिक मात्र जोडू नयेत. आपल्याकडे कोणता कॅमेरा आहे, याची माहिती सचिवांना नको असते.

आठवडा उलटला तरी उत्तर नाही. काय समजावे?

सचिवांना वेळ झाला नाही, एवढेच समजावे. आठ-दहा दिवसांनी त्याच ई-मेलखाली दोन ओळींची आठवण द्यावी, त्यानंतर एकदा प्रत्यक्ष भेटावे आणि तरीही काही हालले नाही, तर दुसऱ्या क्लबकडे वळावे. मौनाला संमती मानून मैदानावर हजर होणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे, कारण त्या क्लबचे दार मग पुढच्या छायाचित्रकारालाही बंद होते.

क्लबला मोबदल्यात काय द्यावे? आणि मी पैसे मागावेत का?

सुरुवातीच्या काळात निवडक छायाचित्रे देणे हा दोन्ही बाजूंना परवडणारा व्यवहार आहे. शब्द देताना हात आखडता ठेवावा. सलग चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात एका सामन्यात हजार छायाचित्रे सहज जमतात, आणि ‘सगळी पाठवतो’ असे बोलून गेल्यावर ती चाळण्यात आठवडा जातो. तोवर क्लबला त्या सामन्याचे काही राहिलेले नसते. वीस छायाचित्रे दुसऱ्या दिवशी मिळणे क्लबला अधिक उपयोगी पडते. त्या विसात केवळ गोल करणारा खेळाडू नसावा. बचावपटू, गोलरक्षक, राखीव खेळाडू आणि मैदान आखणारा कार्यकर्ता यांचे एकेक छायाचित्र असले, की पुढच्या वेळी आपल्या बाजूने बोलणारी माणसे क्लबमध्ये तयार होतात.

पैशांविषयी आधी चौकशी करावी. क्लबसाठी एखादा व्यावसायिक छायाचित्रकार काम करत असेल आणि खेळाडूंना प्रती विकून त्याची कमाई होत असेल, तर आपली फुकटची वीस छायाचित्रे त्याच्या पोटावर पाय देणारी ठरतात. अशा ठिकाणी त्या छायाचित्रकाराशीच आधी बोलणे योग्य. त्याला लागणाऱ्या मदतनिसाचे काम आपल्याला मिळण्याचीही शक्यता असते. दुसरीकडे, क्लबने स्वतःहून ‘अमुक स्पर्धेचे संपूर्ण काम करून द्या’ असे सांगितले, तर ती परवानगी राहत नाही, ते काम होते, आणि त्याचे पैसे मागण्यात संकोच करू नये.

छायाचित्रांचा हक्क कोणाचा?

स्वतःच्या इच्छेने काढलेल्या छायाचित्राचा स्वामित्वहक्क बहुतेक देशांत छायाचित्रकाराचाच असतो. क्लबने मैदानात येऊ दिले म्हणून तो क्लबकडे जात नाही. पैसे घेऊन, सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्रांबाबत मात्र कायदे वेगवेगळे आहेत. ब्रिटनच्या १९८८ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार काम कोणीही सांगितलेले असले, तरी नोकरीत नसलेला छायाचित्रकार हाच पहिला हक्कधारक ठरतो. भारताच्या १९५७ च्या कायद्यात याच्या उलट तरतूद आहे : मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मोबदला देणारा असतो. म्हणून पैशांचा संबंध आला की दोन ओळींचा का होईना, लेखी करार करावा.

क्लबला वापराची परवानगी देताना ती कशासाठी आहे, हेही लिहावे. क्लबच्या पानावर छायाचित्र लावणे एक आणि तेच छायाचित्र प्रायोजकाच्या जाहिरातीत जाणे दुसरे. जाहिरातीत खेळाडूचा चेहरा वापरण्यासाठी त्या खेळाडूची स्वतंत्र संमती लागते. ती क्लब देऊ शकत नाही आणि छायाचित्रकारही देऊ शकत नाही. छायाचित्र काढण्याची, ते प्रसिद्ध करण्याची आणि ते विकण्याची परवानगी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली मिळाली म्हणजे उरलेल्या दोन मिळाल्या असे धरून चालणाऱ्यांचेच क्लबशी वाद होतात.

मुलांच्या सामन्यांसाठी वेगळे नियम असतात का?

असतात, आणि ते कडक असणेच योग्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात सर्वसाधारणपणे अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आहे आणि बालकाच्या खासगीपणाचा हक्कही मान्य केला आहे. अनेक क्रीडा संघटनांचे बालसुरक्षेचे नियम हीच वयोमर्यादा धरून चालतात. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या माहितीसंरक्षण नियमांनुसार ओळखू येणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र ही वैयक्तिक माहिती ठरते. आपण राहतो तेथील कायदा काहीही असला, तरी व्यवहारात पुढील पद्धत पाळावी.

मुलांच्या संघासाठी सचिवांखेरीज बालसुरक्षेची जबाबदारी असलेल्या पदाधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी आणि पालकांची संमती क्लबने गोळा करावी; छायाचित्रकाराने पालकांना एकेकटे गाठून सह्या घेऊ नयेत. ज्यांच्या पालकांनी नकार दिला आहे अशा मुलांची नावे मागण्याऐवजी त्यांचे जर्सी क्रमांक मागावेत, म्हणजे निवड करताना ती छायाचित्रे बाजूला काढता येतात. येथे एक गोष्ट सगळ्यांनाच कळायला हवी. पालकांच्या नकारामागे कधी कधी गंभीर कारण असते : मूल दत्तक असते, घरातील वाद न्यायालयात असतो, किंवा कुटुंब कोणाला तरी टाळण्यासाठी पत्ता बदलून राहत असते. एक छायाचित्र, त्यावर दिसणारे क्लबचे नाव आणि सामन्याची वेळ इतक्यावरून ते मूल दर आठवड्याला कुठे सापडेल हे कोणालाही कळू शकते. म्हणूनच नकाराचे कारण विचारू नये आणि ‘एक फोटो काढल्याने काय बिघडते’ असे तर मुळीच म्हणू नये.

प्रसिद्धीच्या वेळी मुलाचे पूर्ण नाव आणि चेहरा एकत्र देऊ नये, कॅमेऱ्यातील आणि फोनमधील स्थाननोंद बंद ठेवावी, आणि सामना संपण्याआधी काहीही समाजमाध्यमांवर टाकू नये. जलतरण आणि जिम्नॅस्टिक्स यांसारख्या खेळांत पोशाख तोकडा असल्याने चौकटीचाही विचार करावा लागतो. चेहरा, कौशल्य आणि प्रयत्न दिसेल असेच चित्र निवडावे आणि शंका आली तर ते वगळावे. कपडे बदलण्याच्या खोलीजवळ कॅमेरा पिशवीतच असावा.

मैदानावर कुठे उभे राहता येते?

क्लब सांगेल तेथे. पण सांगणाऱ्यालाही अनेकदा नीट कल्पना नसते, म्हणून आपणच सुरक्षित जागा सुचवलेली बरी. फुटबॉलमध्ये स्पर्शरेषेला, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेला, लागून सहायक पंच पळत असतात. त्यांची नजर बचावफळीवर असते, पायाखाली नसते, आणि मागे सरकताना रेषेबाहेर ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या पिशवीला त्यांचा पाय अडकला, तर पंच, सामना आणि आपली परवानगी तिन्ही एकदम जातात. त्यामुळे गोलरेषेच्या मागे, गोलखांब आणि कोपऱ्याचा ध्वज यांच्या मध्ये, रेषेपासून काही पावले मागे बसणे चांगले. खेळाच्या नियमांत जाहिरातीच्या उभ्या फलकांनाही स्पर्शरेषेपासून किमान एक मीटर लांब ठेवण्याची अट आहे; माणसाने त्याहून अधिक अंतर राखावे. गोलच्या जाळीला टेकून बसू नये. वेगाने आत शिरलेला खेळाडू थेट जाळीत येतो आणि जाळी त्याच्यासह आपल्यापर्यंत येते.

क्रिकेट आणि हॉकी या दोन्ही खेळांत चेंडू साधारण १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा आणि कठीण असतो, त्यामुळे व्ह्यूफाइंडरला लावलेला एक डोळा सोडून दुसरा उघडा ठेवण्याची सवय येथे जपावी. क्रिकेटमध्ये साइटस्क्रीनच्या आसपास हालचाल झाली की फलंदाज खेळ थांबवतो. जागा बदलायची तर षटक संपल्यावर बदलावी. टेनिसमध्ये खेळाडू बाजू बदलतात तेव्हाच उठावे. ॲथलेटिक्समध्ये भाला, थाळी आणि हातोडा यांच्या पतनक्षेत्रात कोणत्याही कारणाने पाऊल टाकू नये. पुरुषांचा हातोडा ७.२६ किलोचा असतो आणि तो येताना दिसला, तरी बाजूला व्हायला वेळ पुरत नाही. तिरंदाजी व नेमबाजीत नेमरेषेच्या पुढे जाण्याची मागणीच करू नये.

ट्रायपॉडऐवजी मोनोपॉड (एकाच पायाचा आधार) वापरावा, कारण प्रसंगी तो उचलून पळता येते.

फ्लॅश आणि शटरचा आवाज यांचे काय?

फ्लॅश वापरणार नाही, हे आपणहून सांगून टाकावे. बॅडमिंटन, टेबल टेनिस आणि जिम्नॅस्टिक्समध्ये क्षणभर डोळे दिपले तरी गुण जातो किंवा दुखापत होते. जलतरणात इलेक्ट्रॉनिक प्रारंभयंत्रणा आवाजासोबत प्रकाशाचाही इशारा देते, त्यामुळे सुरुवातीच्या क्षणी पडलेला फ्लॅश स्पर्धकाची फसगत करू शकतो. बंदिस्त सभागृहात एफ/२.८ किंवा त्याहून मोठ्या छिद्राची लेन्स आणि ३२०० ते ६४०० आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) यांवर बहुतेक वेळा भागते. दिव्यांच्या लुकलुकण्यामुळे छायाचित्रांचा रंग आणि उजेड चित्रागणिक बदलताना दिसला, तर कॅमेऱ्यातील लुकलुक टाळण्याची सोय चालू करावी. सराव सामन्यात ही चाचणी आधीच करून घ्यावी. गोल्फ, स्नूकर आणि टेनिसच्या सर्व्हिसच्या वेळी शटरचा आवाज खटकतो. तेथे मूक शटर वापरावे, मात्र वेगात फिरणारी रॅकेट किंवा काठी त्यात वाकडी दिसू शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

क्लबची परवानगी हातात असताना पंचांनी हटकले तर?

ताबडतोब मागे व्हावे. सामना सुरू असताना मैदानावर शेवटचा शब्द पंचांचा असतो आणि परवानगीचा कागद दाखवत वाद घालण्याची ती वेळ नव्हे. सामन्याआधी दोन मिनिटे भेटून आपण कुठे बसणार आहोत हे सांगितले, तर ही वेळ सहसा येत नाही.

एखाद्या खेळाडूने स्वतःचे छायाचित्र काढून टाकायला सांगितले तर?

काढून टाकावे, कायदा आपल्या बाजूने असला तरी. एका छायाचित्रासाठी संघाचा विश्वास गमावणे महागात पडते, आणि अशी विनंती क्वचितच येते. दुखापत, रडू, बाचाबाची किंवा लाल कार्ड यांची छायाचित्रे काढली गेली असतील, तर ती क्लबला किंवा त्या खेळाडूला दाखवल्याखेरीज प्रसिद्ध करू नयेत. वृत्तछायाचित्रकाराचे कर्तव्य वेगळे आहे; क्लबचा पाहुणा म्हणून आत आलेल्या माणसाला ती मोकळीक नसते. जखमी खेळाडूभोवती उपचार करणारे जमले की कॅमेरा खाली ठेवावा.

ड्रोनची परवानगी त्याच अर्जात मागता येईल का?

नाही. ड्रोनला हवाई वाहतुकीचे नियम लागू होतात आणि लोकांच्या डोक्यावरून तो उडवण्यावर बहुतेक देशांत बंधने आहेत. क्लब हो म्हणाला तरी ते पुरेसे नसते.

एकदा मिळालेली परवानगी किती काळ चालते?

पत्रात लिहिलेली असेल तेवढीच. एका सामन्याची परवानगी एका सामन्यापुरती असते. पहिली छायाचित्रे वेळेवर पोहोचल्यावर संपूर्ण हंगामासाठी विचारणे सोपे जाते आणि बहुधा सचिवच तसे सुचवतात. हंगाम बदलला की पदाधिकारी बदलतात, नवे खेळाडू येतात आणि त्यांनी आपल्याला कधीच पाहिलेले नसते, म्हणून दर हंगामाच्या आरंभी नवा अर्ज द्यावा. जुन्या पत्राची प्रत सोबत जोडावी आणि गेल्या वर्षी क्लबने वापरलेली दोन-तीन छायाचित्रे वरच लावावीत. नव्या सचिवांना बाकीचे वाचण्याची गरज बहुधा पडत नाही.